हळू जाण्याचं सामान

नाशिकच्या द्वारका चौकातून आत वळलं की ताडपत्री शिवणाऱ्यांची दुकानं लागतात. दुकान म्हणजे अर्धं वर केलेलं शटर, आत एक जुनी जड मशीन आणि भिंतीला लावलेल्या निळ्या, हिरव्या, नारिंगी घड्यांच्या थप्प्या. बाकीचं सगळं काम बाहेर, रस्त्याच्या कडेला. ट्रकची ताडपत्री दुकानात मावतच नाही. कारागीर तिच्या मधोमध मांडी घालून बसतो आणि शिवण पुढे जाईल तसा तोही सरकत जातो. लासलगाव-पिंपळगावकडून कांदा भरून आलेले ट्रक पुणे रस्त्याला लागण्याआधी इथे फाटका कोपरा सांधून घेतात. मी काठे गल्लीत राहते. भाजी आणायला निघाले की या दुकानांपुढे थोडं रेंगाळायची मला सवय आहे. आयलेट ठोकण्याचा एक ठरलेला आवाज असतो. पहिला ठोका बोदा, दुसरा खणखणीत. दुसरा ऐकू आला की कडी बसली.

गेल्या हिवाळ्यात क्लीव्हलँडहून आलेल्या माझ्या भाच्याने यातल्याच एका दुकानात एक काम दिलं. ते पुरं होईपर्यंत मी स्टूल टाकून तिथेच बसून होते. त्याला पिशव्या शिवून हव्या होत्या. होडीचा वेग कमी करणाऱ्या पिशव्या.

क्लीव्हलँड ईरी सरोवराच्या दक्षिण काठावर आहे. उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत ईरी सगळ्यात उथळ, सरासरी खोली १९ मीटरच्या आसपास. उथळ म्हणून लवकर तापतं, लवकर गोठतं आणि मासळीही उदंड. तिथला मानाचा मासा वॉलआय. अंधारात त्याच्या मोठ्या डोळ्यांवर बॅटरीचा उजेड पडला की डोळे पांढुरके चमकतात. भाचा आठवडाभर संगणकापुढे बसतो आणि शनिवारी मित्राच्या होडीतून सरोवरावर जातो. तिथे गळ टाकून एका जागी बसत नाहीत. होडी चालू ठेवतात आणि मागे आमिषं ओढत नेतात. आपल्याकडे कोकणात सुरमईसाठी चालत्या होडीमागे गरी सोडतात, त्यातलाच प्रकार. पण सुरमई पळत्या आमिषामागे धावते. वॉलआयचं तसं नाही. वसंतात बर्फ वितळल्यावर पाणी गार असतं आणि माशाचं रक्त पाण्याइतकंच गार. अशा वेळी तो पाठलाग करत नाही. आमिष त्याच्या तोंडासमोरून रेंगाळत गेलं पाहिजे, ताशी दीड मैलाने, फार तर दोन.

होडीला मात्र दीडशे-दोनशे अश्वशक्तीचं इंजिन. वारा उठला तर किनारा गाठता यावा म्हणून तेवढं लागतंच. पण ते अगदी कमी फेऱ्यांवर ठेवलं तरी होडी अडीच-तीन मैलांनी पुढे जात राहते. मी विचारलं, मग मधूनमधून इंजिन बंद का नाही करत?

‘‘मावशी, इंजिन बंद केलं की होडी आपली राहत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘वारा नेईल तिकडे जाते. पंखा पाणी मागे ढकलत असेल तरच तोंड वळवता येतं.’’

हे माझ्या मनात फार दिवस राहिलं. हळू जायचं आहे, पण ताबा सोडायचा नाही. त्यासाठी इंजिन चालूच ठेवायचं, उलट थोडं जास्तच चालवायचं, आणि होडीच्या दोन्ही अंगांना पाण्यात तोंड उघड्या पिशव्या सोडायच्या. पिशव्या पाणी गिळत मागे ओढतात, इंजिन पुढे ओढतं, आणि या दोन ओढींच्या मध्ये होडी हवी तेवढ्याच गतीने, हव्या त्या दिशेला जाते. मागून लाटा येत असल्या तर याचा फायदा आणखी. एरवी प्रत्येक लाट होडीला पुढे फेकते, आमिष एकदम पळतं, मग एकदम लोंबतं, आणि मासा बिथरतो. पिशव्या असल्या की हे धक्के बसत नाहीत.

तिकडे अशा पिशव्या तयार मिळतात. ओहायोत आमिश लोकांची मोठी वस्ती आहे. मोटार न बाळगता घोडागाडीतून ये-जा करणारे ते लोक. पिशव्यांचा तिथला एक नावाजलेला प्रकार त्यांच्याच नावाने विकला जातो आणि त्याला म्हणतात ‘बग्गी बॅग’. भाच्याने मित्राकडची ती पिशवी पाहिली, शिवण उलटसुलट करून तपासली, आणि त्याला आमच्या द्वारकेची आठवण झाली. लहानपणी आजोळी आला की तोही या ताडपत्र्यांवरून अनवाणी धावत असे.

पिशवी म्हटल्यावर दुकानातल्या कारागीर चाचांना आधी धान्याची वाटली. भाच्याने कागदावर आकृती काढली. तोंड गोल, ३० इंच व्यासाचं. लांबी ३६ इंच. पुढून रुंद, मागे निमुळती होत गेलेली, आणि शेपटाशी पाच इंचांचं भोक. चाचांनी कागद दूर धरला, जवळ धरला.

‘‘एवढी मजबूत पिशवी शिवायची आणि शेवटी भोक ठेवायचं?’’

‘‘भोक नसेल तर पाणी तोंडाच्या काठावरून सांडतं, चाचा. मग पिशवी इकडून तिकडे हेलपाटत राहते. मागून थोडं पाणी सतत जात राहिलं तर सरळ चालते.’’

चाचा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘बरोबर आहे. गाडीवर समोरून हवा शिरली आणि मागून निघायला जागाच नसली, तर ताडपत्री फुगते नि फाटते.’’ आणि त्यांनी खडूचा तुकडा हातात घेतला. त्यानंतर त्या पिशवीवर भाच्याचा हक्क कमी आणि चाचांचा जास्त झाला. त्यांनीच सांगितलं की ओढ कापडावर येता कामा नये. तोंडापासून शेपटापर्यंत चार ठिकाणी नवार पट्टी घालू, म्हणजे ताण पट्टीवर जाईल आणि कापड नुसतं पाणी धरेल. तोंडाच्या कडेला दुमड घालून आत दोरी ओवू. कापड कोणतं, यावर बराच खल झाला. हलकं कापड पटकन वाळतं, घडी लहान होते, पण पाण्यात तोंड मिटून बसतं. प्लॅस्टिकचा लेप दिलेलं जाड कापड जड, पण आपला आकार सोडत नाही. चाचांनी दोन्हींची कापं बोटांत चुरगाळून पाहिली आणि जाड कापड पुढे ओढलं. रंग भाच्याने निवडला, नारिंगी. पाण्यात दुरून दिसावा म्हणून.

मोठी एकच पिशवी का नको, हेही मी विचारलं. एकच मोठी टाकली तर होडीचं तोंड त्या बाजूला वळत राहतं आणि माणसाचा दिवस सुकाणू सांभाळण्यात जातो. दोन लहान असल्या की दोन्हीकडची ओढ सारखी. शिवाय वारा समोरून असेल तेव्हा तो स्वतःच अडवतो, मग एक काढून ठेवता येते. वारा पाठीवर घेतला की दोन्ही लागतात. दोरी होडीच्या मध्याच्या थोडी पुढे बांधायची आणि एवढीच लांब ठेवायची की पिशवी कितीही मागे गेली तरी पंख्यापर्यंत पोहोचणार नाही. तोंडाच्या वरच्या कडेला फोमचा तुकडा, खालच्या कडेला शिशाचं वजन, म्हणजे पिशवी आडवी होत नाही. दोरी आणि पिशवी यांच्यामध्ये भोवरकडी, म्हणजे पीळ चढत नाही.

आणि शेपटाला वेगळी बारीक दोरी. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. भरलेल्या पिशवीच्या पोटात सव्वाशे लिटरच्या वर पाणी असतं. ती तोंडाकडून वर ओढायला गेलं तर माणूस पाण्यात जायचा. शेपटाची दोरी ओढली की पिशवी उलटी होते, पाणी आपोआप ओघळून जातं, आणि चालत्या होडीत एका हाताने ती वर येते.

पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट. म्हणून दीड-दोन मैलांना जी पिशवी शांतपणे मागे रेललेली असते, तीच काढायची विसरून कुणी इंजिन जोरात पुढे लोटलं तर दोरी बांधलेली खुंटी फळीसकट उपटली जाऊ शकते. पिशवीचं माप निवडायचं ते होडीची लांबी, इंजिनाची ताकद आणि ज्या माशाच्या मागे आहोत त्याची चाल बघून.

हे ऐकताना मला पाण्याऐवजी धावपट्टी दिसत होती. मी ओझरच्या वसाहतीत वाढले. बाबा कारखान्यात होते. १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा हा कारखाना नाशिकजवळ सुरू झाला आणि त्या विमानाचं नाव गावाला कायमचं चिकटलं. आजही एसटीत बसताना लोक ‘ओझर मिग’ म्हणूनच तिकीट मागतात. मिग-२१ चे पंख लहान आणि त्रिकोणी. आकाशात त्याच्यासारखं ते, पण उतरताना त्याला हळू होताच यायचं नाही. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने चाकं जमिनीला लागायची, आणि नुसत्या ब्रेकवर तो वेग धावपट्टीत जिरणं अवघड. म्हणून चाकं टेकली की शेपटाच्या बुडाशी असलेल्या नळकांड्यातून एक छत्री बाहेर पडायची. आधी चुरगळलेला गोळा, मग एकदम फुललेलं कापड. आम्ही मुलं कुंपणाबाहेरच्या शेतातून बघायचो. विमानाच्या आवाजाची आम्हाला इतकी सवय होती की मान वर व्हायची नाही. पण छत्री उघडताना पाहायची कुणी चुकवत नसे.

विमान मंद झालं की वैमानिक छत्री सोडून द्यायचा. ती धावपट्टीवर पडायची. मग माणसं येऊन ती गोळा करायची, झटकायची, तपासायची आणि ठरलेल्या घडीने पुन्हा भरायची. घडी चुकली तर छत्री उघडत नाही. बाबांना या घडी घालणाऱ्यांविषयी फार आदर होता. इंजिनावर काम करणाऱ्यांचं नाव व्हायचं, पाहुणे आले की त्यांना इंजिन दाखवायचे, पण वैमानिक घरी जेवायला पोहोचतो तो या घडीमुळे, असं ते जेवताना सांगायचे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. त्या दिवशी आमच्या घरी दूरचित्रवाणी सकाळपासून चालू होती. बाबा आता नाहीत. असते तर त्यांनी छत्री भरणाऱ्यांची आठवण नक्की काढली असती.

पाण्यात पिशवी धरून जगण्याची रीत आपल्या किनाऱ्यावर फार जुनी आहे. वसई-अर्नाळ्याकडची डोल ही एक भली मोठी पिशवीच. तोंड रुंद, मागे निमुळती होत जाणारी, आणि तोंडापासून शेपटापर्यंत जाळ्याची वीण बारीक बारीक होत गेलेली. ती भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून रोवतात. प्रवाह येतो, बोंबील, जवळा, करदी आत शिरतात आणि मागच्या टोकाला साठतात. उधाणाच्या दिवसांत पाण्याला जोर असतो, तेव्हा डोलीला मासळी. भांगाला पाणी मंदावतं, तेव्हा कोळ्याचाही हात जरा रिकामा. म्हणजे इथे पिशवी थांबलेली आणि पाणी चालतं. ईरीवर पाणी थांबलेलं आणि पिशवी चालते. सातपाटीच्या पापलेटवाल्यांचं तिसरंच. त्यांचं लांबलचक जाळं पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं आणि होडी त्याच्या टोकाला बांधलेली असते. वारा होडीला ढकलायला बघतो, पण पाण्यात उभं असलेलं जाळं तिला भलतीकडे जाऊ देत नाही. इंजिन बंद ठेवून तांडेल निवांत असतो, कारण होडीला जाळ्याने धरलेलं असतं. कसारा घाट चढून नाशिकच्या बाजारात पापलेट येतं, तेव्हा त्याच्यामागे अशी एक रात्र असते. घासाघीस करताना आपल्याला ती आठवत नाही.

पिशव्या शिवून झाल्यावर भाच्याला धीर निघेना. इगतपुरीकडे दारणा धरणावर एक ओळखीचे मच्छीमार आहेत. त्यांच्याकडे इंजिन नाही, वल्ह्यांची होडी आहे. दुपारी वारा सुटला की जाळं काढताना होडी सारखी सरकते, हा त्यांचा रोजचा त्रास. भाच्याने एक पिशवी पाण्यात सोडली. आधी ती नुसती तरंगली, कागदासारखी. मग वाऱ्याने होडी सरकली, दोरी ताणली गेली, तोंड उघडलं आणि पाण्याखाली तो नारिंगी रंग गोल भरून आला. होडी थांबली नाही. पण वारा तोच असून सरकणं एकदम संथ झालं, आणि होडीचं नाक वाऱ्याकडे वळून तिथेच राहिलं. मच्छीमार दोरीवर हात ठेवून ताण पाहत होते. म्हणाले, ‘‘आम्ही बादली सोडतो. पण बादलीचा कान तुटतो.’’ त्यांना पाणी समजावून सांगायची गरज नव्हतीच. फक्त बादलीपेक्षा चांगली वस्तू त्यांच्यापर्यंत कधी आली नव्हती.

परत येताना द्वारकेला नेहमीसारखे अडकलो. वर उड्डाणपूल, खाली मुंबई-आग्रा रस्ता, पुणे रस्ता, रिक्षा, एसटी, ट्रॅक्टर. इथे गाडी एक तर थांबलेली असते, नाही तर सुटलेली. सिग्नल हिरवा झाला की तेवढ्या वीस पावलांसाठीही लोक पूर्ण जोर लावतात. मधली चाल कुणाकडे नाही. घरांतही मी हेच बघते. बाबा ज्या दिवशी निवृत्त झाले त्या दिवशी पूर्ण थांबले. सकाळी साडेसहाला उठणं थांबलं, सायकल थांबली, पुढे बोलणंही कमी झालं. आईने कामं सोडली नाहीत, एकेक हलकं केलं. पोळ्या कमी, पण रोज. देवळात जाणं रोज, पण जवळच्या. तिच्या त्या वर्षांना दिशा होती. बाबांच्या वर्षांना नव्हती, हे मला आता कळतं आणि वाईट वाटतं. तेव्हा मी बाबांना आराम करा, आराम करा, एवढंच म्हणत राहिले. सगळेच म्हणतात.

एप्रिलमध्ये भाच्याचा फोन आला. ईरीवर दोन्ही पिशव्या दिवसभर चालल्या. होडी दोनच्या खाली आली आणि तिथेच राहिली. चाचांची नवार पट्टी जागची हलली नाही. त्याने फोटो पाठवले. त्यातला माशाचा फोटो चाचांनी नुसता बघितला आणि पिशवीच्या फोटोवर मात्र दोन बोटांनी चित्र मोठं करून शिवण तपासली. खालच्या पट्टीला आणखी एक टाका हवा, असं त्यांचं मत पडलं. ते मी कळवलं आहे.

मला मात्र ईरीपेक्षा दारणेची काळजी जास्त वाटते. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. एका पिशवीने तो अपघात टळला असता असं मी म्हणणार नाही. प्रवासी होडीला आधी जीवरक्षक जाकीट हवं आणि वारा बघून न निघण्याची शिस्त हवी. पण आपल्या धरणांवर रोज पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर, ट्यूबवर, लहान होडीत जाळं टाकायला जाणारी माणसं दुपारच्या वाऱ्यात सापडतात, तेव्हा त्यांच्याकडे वल्ह्याशिवाय काही नसतं. जगभरच्या जहाजांवरच्या जीवरक्षक होड्यांत नियमाने पाण्यातला नांगर ठेवावा लागतो. तो म्हणजे अशीच पिशवी, नाकाकडून बांधलेली, होडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवणारी. दोन फूट तोंडाची पिशवी शिवायला ताडपत्रीचा उरलेला तुकडा, चार हात नवार आणि चाचांसारख्या माणसाचा अर्धा दिवस लागतो. मच्छीमार सोसायट्यांनी आपल्या सभासदांसाठी त्या शिवून घ्याव्यात. पिशवी मिळेपर्यंत बादली ठेवा, पण दोरी कानाला न बांधता बादलीच्या बुडाखालून घेऊन बांधा.